दौऱ्यावरचा साहेब

या, असे इकडे सरका. सतरंजी मोठी आहे, भिंतीशी टेकून बसलात तरी चालेल, पण लांब बसू नका. कीर्तनात लांब बसणाऱ्यांना आधी डुलकी लागते आणि मग घरी जाऊन ते सांगतात की आज बुवांचा आवाज लागलाच नाही. मी काही कीर्तनकार नव्हे. मी आयुष्यभर कीर्तनकारांच्या मागे पेटी घेऊन बसले, म्हणजे मला त्यांच्या पाठी ओळखीच्या, तोंडं कमी. कोणाचा अंगरखा कुठे घामाने भिजला की तो आता द्रुत लयीत जाणार, हे मला बिनचूक कळतं. पण आज एक आख्यान मीच लावते. त्यात ना राजा आहे ना राक्षस. एक सासू आहे, माझीच, आणि एक शब्द आहे जो तिनं वेगळा ऐकला. जवळ आलात? ऐका मग.

आमच्या जबलपुरात बड्या फुहाऱ्यावर, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात मी ब्लाउजच्या अस्तराचा रंग निवडत होते. दिवस दसऱ्यापूर्वीचे, दुपार, बाहेर सायकलरिक्षांची नेहमीची ओरड. दुकानदारानं "दीदी, ये वाला देखिए" म्हणत कापडाचं एक थान, आपण तागा म्हणतो तो, उलगडून फळीवर आपटलं. थप्प असा आवाज झाला. रोज शेकडो वेळा त्या बाजारात होत असेल तो. पण तो कानात गेलाच नाही, सरळ छातीत गेला आणि तिथे आपटतच राहिला. मला कापडाचा एकेक धागा दिसायला लागला, इतका स्पष्ट की डोळे दुखावेत. बोटांना मुंग्या आल्या, जीभ टाळूला चिकटली, आणि मनात कोणीतरी अगदी शांतपणे सांगितलं की विनता, तू आता मरणार, इथेच, या अस्तरावर. आणि गंमत अशी की त्याच वेळी माझं तोंड बोलत होतं, "पिवळा नको भैया, मोतिया दिखाइए." आत मरण चाललंय आणि वर मोतिया रंग चाललाय. दोघींपैकी मी कोणती, हे तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही. दुकानदारानं पाणी दिलं, स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. थोड्या वेळानं ते सगळं ओसरलं, मी अस्तर घेतलं, आणि अधारतालला घरी येऊन स्वयंपाकसुद्धा केला. कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की थान आपटलं?

मग ते यायलाच लागलं. भाजी चिरताना, देवळात, बँकेच्या रांगेत, तर कधी अगदी काही नसताना, वाळत घातलेल्या चादरीचं टोक सरळ करताना. आमचे हे, मुरलीधरराव, घाबरून मला दवाखान्यात घेऊन गेले; छातीचा आलेख काढला, तो चांगला. रक्त चांगलं, साखर चांगली. कागदावर मी अख्ख्या जबलपुरात सगळ्यात ठणठणीत बाई होते. मला त्या रात्री भूकंपाची आठवण आली. काही वर्षांपूर्वी पहाटे सगळं शहर हललं होतं, लोक गंजीफ्रॉकवर रस्त्यात उभे होते, मांड्यांवर पोरं घेऊन बायका कठड्यांवर बसल्या होत्या, आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता, तुम्हालाही जाणवलं ना? त्या पहाटे मी शांत होते. भिंत हलत होती, मी नाही. सासूबाईंचा हात धरून मी त्यांना अंगणात आणलं, वर जाऊन देवांची पेटी काढून आणली. आता भिंत जागच्या जागी होती आणि हलत होते ती मी. आणि विचारायला कोणी नव्हतं, तुम्हालाही जाणवलं ना, म्हणून.

शेवटी विजय नगरच्या एका मानसरोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. म्हणाले, "ये दिल का दौरा नहीं है. घबराहट के दौरे हैं. दवा से कम होंगे. हो सकता है, दवा के बाद भी कभी-कभी आएँ. आप दवा मत छोड़िए." गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. त्यांनी मला झोप परत दिली, सकाळी उठून पाय जमिनीवर ठेवायचं बळ दिलं. पण दौरे गेले नाहीत. विरळ झाले, गेले नाहीत. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, नंतर गोळी बदलली, मी एकही चुकवली नाही, आणि तरी एखाद्या स्वच्छ सकाळी, सडा टाकताना, ते येऊन उभं. मला गोळीचा राग येत नसे, माझाच येई. औषध आपलं काम करून राहिलं, मग मीच कुठेतरी कमी पडते असणार, असं वाटे. माझी श्रद्धा कमी पडते, असंही वाटे. इतकी कीर्तनं ऐकलेली बाई, आणि भिते कशाला, तर काहीच नाही त्याला.

त्या काळात मी पेटी बंद करून ठेवली होती. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण गोष्ट त्यावरच उभी आहे. पेटी मला वडिलांनी शिकवली. ते सांगत, उजव्या हाताला सगळे पाहतात, पण पेटी वाजते डाव्या हातानं. भाता हा पेटीचा श्वास. तो ओढून-ताणून घ्यायचा नाही, येतो तसा येऊ द्यायचा, जातो तसा जाऊ द्यायचा. कीर्तनकार दम घ्यायला थांबला की त्याच्या जागी पेटीनं श्वास घ्यायचा, म्हणजे सभेला पोकळी जाणवत नाही. मी तेच करत आले. आणि आता माझ्याच श्वासाचा भरवसा राहिला नव्हता. भात्यावर हात ठेवला की छातीतला भाता आधी धावे. आणि पेटीवाल्याची जागा पाहिली आहे ना तुम्ही? पाठीशी भिंत, पुढे कीर्तनकार, त्यापुढे सगळी सभा, आणि दार त्या सगळ्यांच्या पलीकडे. तिथून उठून जायचं तर कीर्तन मोडूनच जावं लागतं. आमच्या कीर्तनाच्या मंडळात मी सांगितलं, मनगट दुखतं. अंबादासजी, आमचे कार्यवाह, म्हणाले, तेल लावा. वर्ष-दीड वर्ष मी नुसतं तेल लावत होते.

तर डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो त्या दिवशी विजय नगरहून परतलो. आमच्या सासूबाई, नाव राधाबाई, ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. वरुडकडच्या त्या, सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या, वीस-बावीस वर्षं जबलपुरात राहिल्या, पण हिंदीला त्यांनी कधी घरात घेतलं नाही. दूधवाला, भाजीवाली, सगळ्यांशी वऱ्हाडीतच बोलत, आणि तेही बिचारे समजून घेत. उलट आमची लेक बेबी. कॉलेजात होती तेव्हा. मराठी सगळी कळे, बोलायची वेळ आली की हिंदीतून उसनं घेई. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने डाक्टर?" मी काही बोलायच्या आत बेबीनं सांगून टाकलं.

"आजी, मम्मीला ना, दौरे पडतात."

सासूबाईंचा हात थांबला. "दौरे? हे कोनाचे?"

"कोणाचे म्हणजे? मम्मीचे."

"हिले कोन दौऱ्यावर पाठवते वं? ही फुहाऱ्यावर जाऊन आली तर रातभर पाय चेपत बसते."

मुरलीधरराव हसले. किती दिवसांनी हसले ते. म्हणाले, "आई, हिंदीतला दौरा. आपल्याकडचा नाही. म्हणजे झटका."

"झटका वेगळा," सासूबाई म्हणाल्या. "झटका आला का मानूस जाते. डाक्टर शिकेल मानूस हाय ना? त्यानं झटका म्हनलं का दौरा?"

"दौरा."

"मंग दौराच असंल. बरं, वर्दी देऊन येतो का तसाच?" हे त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "तसाच येतो." कसं कोण जाणे, पण इतक्या दिवसांत मला कोणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता ज्याचं उत्तर मला येत होतं.

"आन राह्यते किती?"

"थोडाच वेळ. पण वाटतं, आता जाणारच नाही."

"तसंच वाटते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

आता यात त्यांचं सगळं आयुष्य होतं, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. माझे सासरे रामराव वरुडच्या पुढे एका डाकबंगल्यावर चौकीदार होते. सातपुड्याचा पायथा, आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, आणि मधोमध तो सरकारी बंगला, ज्यात बारा महिन्यांतले बहुतेक दिवस कोणीच राहत नसे. मग साहेबांचा दौरा लागे. सासूबाईंच्या लेखी जगातली मोठी घटना म्हणजे दौरा. लग्न, बाळंतपण, दुष्काळ, सगळं त्या दौऱ्यांच्या हिशोबानं सांगत; मुरलीधररावांचा जन्म म्हणजे जंगलखात्याच्या लाल तोंडाच्या साहेबाच्या दौऱ्यानंतरचा. तेव्हा बेबीनं दौरा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? धुरळा, कुत्री, गाडी, आणि पायऱ्या चढणारे बूट. बेबीनं नंतर त्यांना नीट समजावलं, की आजी, हिंदीत दौऱ्याचा अर्थ आजाराचा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "येतो आन जातो ना? मंग हिंदी काय आन मराठी काय."

मी अंथरुणावर पडून त्या शब्दाकडे पाहत राहिले. शब्द तोच होता. डॉक्टरांनी दिला तेव्हा तो माझ्या अंगावर पडला होता. पडतात, दौरे पडतात, म्हणजे मी खाली आणि ते वर. सासूबाईंनी तोच शब्द उचलून उभा केला. आता तो कोणीतरी होता, बाहेरून येणारा, पायऱ्या चढून. बाहेरून येणाऱ्याला बाहेर जायची वाट माहीत असते.

पुढच्या वेळी आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात परातीत, आणि छातीत ते थप्प थप्प सुरू. मी भिंतीला टेकले. सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या, त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण परातीचा आवाज थांबला एवढं त्यांना ऐकू आलं.

"आले काय?" त्यांनी तिकडूनच विचारलं. आदरार्थी, साहेबाला विचारतात तसं.

"आले," मी म्हटलं. एवढं म्हणायलाही दम लागला.

"गोळी घेतली होती?"

"सकाळीच."

"तरीबी आले."

"तरीही."

"येतीन. गोळी म्हंजे नाक्यावरचा शिपाई. साऱ्याइले कुठं अडवते थो? पन तो हाय म्हनून रोज येत नाहीत. त्याले काढू नको." मग थोडं थांबून, "सामान उघडलं का त्याईनं?"

मला कळलंच नाही. त्या उठून आल्या, माझ्याजवळ खाली बसल्या. अंगाला हात लावला नाही. हात लावला की मला जास्त होई, हे त्यांना न सांगता कळलं होतं. कणकेची परात स्वतःपुढे ओढून मळता मळता बोलत राहिल्या. "साहेब आला का पयले वरडे. पानी गरम काहून नाही, मच्छरदानी फाटेल काहून हाय. तुह्या सासऱ्याचे पाय असे लटलट कापत. थो म्हने, राधा, आता नोकरी जाते. मीबी कापो. पन म्या एक पाह्यलं, वं. कितीबी मोठा साहेब असो, थो सारं सामान उघडतच नसे. एक शर्ट काढे, दाढीचं काढे, बाकी पेटीतच. काहून? त्याले ठाऊक, आपल्याले जायचं हाय. वरडते असा का बंगला त्याच्या बापाचा, पन सामान पेटीतच. मंग म्या त्याच्या तोंडाकडे पाहानं सोडलं. पेटीकडे पाहो. तू पाय, पेटी उघडली का तुह्या साहेबानं?"

मी पाहिलं. खरंच पाहिलं, हसू नका. त्या भीतीच्या मधोमध मी शोधलं, की हा माणूस, जो माझ्या छातीत ओरडतोय, तो इथे राहायला आला आहे का. त्याचं सामान कुठे आहे. आणि मला दिसेना. ओरडणं होतं, मुंग्या होत्या, मरणाची बातमी होती, पण बिऱ्हाड नव्हतं. "नाही उघडली," मी म्हटलं. "मंग बस आरामात," सासूबाई म्हणाल्या, "आन बंगला कोनाचा हे ध्यानात ठेव. साहेबाचा नाही. आपलाबी नाही म्हना, सरकारचा. पन चावी चौकीदाराजवळ." सरकार म्हणताना त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. ज्याला त्या सरकार म्हणत होत्या, तो तिथे समईच्या उजेडात बसला होता, तीन तोंडांचा, पायाशी कुत्री असलेला.

यानं मी बरी झाले, असं सांगितलं तर तुम्हाला गोड वाटेल, पण ते खरं नाही. एकदा अधारतालच्या रस्त्यावर टेम्पोत आला तेव्हा मला ना पेटी आठवली ना चावी. मी मधेच उतरले, दुकानांच्या भिंती धरत, रडत घरी आले. सासूबाईंना सांगितलं, काही उपयोग झाला नाही. त्यांना वाईट वाटलं नाही. "काही साहेब खराबच रायतात," म्हणाल्या, आणि चहा ठेवला. त्यांचा आपल्या उपायावर अभिमान नव्हता, हे मला फार मोठं वाटतं. आपण आपल्या उपायांवर किती प्रेम करतो, आणि ज्याला तो लागू पडला नाही त्याच्यावर किती रागावतो. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं की साहेब आला की चौकीदारानं पळून जायचं नसतं, आणि साहेबाशी भांडायचंही नसतं. उठून उभं राहायचं, पाणी तापवायचं, आणि जाईपर्यंत जागं राहायचं.

मार्गशीर्ष लागला. दत्तजयंतीच्या कीर्तनाला मंडळानं नागपूरहून शैलजाताईंना बोलावलं होतं. त्या फोनवर अंबादासजींना म्हणाल्या, पेटीला विनताच हवी. नसेल तर सांगा, मी नुसत्या तबल्यावर उभी राहते. अंबादासजी घरी आले. "मनगट कसं हाय वो आता? इतकं तेल तर अख्ख्या मंडळाच्या समयांना पुरलं असतं." मला दिसत होतं की या वेळी नाही म्हटलं तर पुढे कोणी विचारणार नाही, आणि कोणी विचारलं नाही म्हणजे मी पेटी उघडणार नाही, आणि पेटी उघडली नाही तर जी एक जागा या जगात माझी होती, कीर्तनकाराच्या पाठीमागची, ती गेली. बँक, बाजार, लग्नं, सगळं मी हळूहळू सोडत आले होते. भीतीला हेच आवडतं, आपण एकेक खोली तिला रिकामी करून देतो. ही शेवटची खोली होती. मी म्हटलं, येते. अंबादासजी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आला तर तिथंबी येईन. येऊ दे. तिथं तर अजून एक साहेब हाये ना, त्याच्याहून मोठा."

उत्सवाच्या दिवशी सभागृह भरलं. झेंडूचे हार, उदबत्ती, बायका उजवीकडे, बापे डावीकडे, सगळ्यांच्या मुठीत जन्माच्या वेळी उधळायला दिलेली फुलं. सासूबाई पहिल्या ओळीत, खांबाला टेकून. मी सकाळची गोळी घेतली होती. शैलजाताईंनी नमन सुरू केलं आणि माझ्या बोटांना त्यांची पाठ ओळखीची वाटली. दीड वर्षांनी भात्यात हवा भरली, आणि पूर्वरंगभर मी विसरून वाजवलं. इतकं सुख, की काय सांगू. त्या थांबत आणि मी श्वास घेई. मध्यंतरात बुक्का लागला, हार पडले. उत्तररंगाला अनसूयेचं आख्यान. तिघे देव भिक्षेकरी होऊन दारात उभे, ती आत, आणि मागणं असं की पतिव्रतेनं ऐकूही नये. शैलजाताईंनी त्या अतिथींची विचित्र अट गाऊन सांगितली, स्वर वर नेला, आणि तिथेच, काहीही कारण नसताना, माझ्या छातीत थान आपटलं.

माझा डावा हात थांबला. पेटीचा सूर खाली बसत गेला, म्हातारं माणूस बसतं तसा. शैलजाताईंची मान किंचित वळली; तबलेवाल्यानं ठेका जड केला. मला समोर दार दिसलं, इतक्या डोक्यांच्या पलीकडे, आणि मी मनातल्या मनात उठून, पेटी सरकवून, शैलजाताईंच्या पदराला धक्का लागू न देता, सगळ्यांच्या मांड्या ओलांडत निघालेसुद्धा. मांडी सुटली. एक गुडघा वर आला. मला ठाऊक होतं की मी आता गेले तर कायमची गेले. आणि तरी गुडघा वर येत होता.

तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीत, खांबाचा आधार सोडून, हात जोडून, सरळ. त्या माझ्याकडे पाहत होत्या. पण मागच्या बायकांना काय दिसणार? राधाबाई उठल्या, म्हणजे जन्म झाला. भरभर सगळ्या उठल्या. बायका उठल्या म्हणून बापे उठले. अंबादासजी दाराशी कोणाशी तरी बोलत होते, त्यांनी वळून पाहिलं, सभा उभी. आपण चुकलो असं समजून त्यांनी धावत येऊन घंटेची दोरी ओढली. शंख वाजला. पाळण्याला झोका मिळाला. "श्री गुरुदेव दत्त" असा गजर उठला आणि चहूकडून फुलं आली. आख्यानात देव अजून दारात भिक्षा मागत उभे होते, अनसूया अजून विचारच करून राहिली होती, आणि इकडे तिचं बाळ जन्मलं. शैलजाताई हात वर धरून तशाच उभ्या. मग त्या मोठ्या बाईनं, खरंच मोठ्या, एक क्षण डोळे मिटले आणि पाळणा सुरू केला.

माझ्यापुढे आता दार नव्हतं. नुसत्या उभ्या माणसांच्या भिंती, आणि मधून वर्षणारा झेंडू. इतका गलबला की पेटी वाजते की नाही कोणाच्या कानावर जाणार? माझ्या मांडीवर, भात्यावर, पट्ट्यांवर पाकळ्या. मी गंधार दाबला तर तो वर येईना. पट्टीच्या फटीत पाकळी अडकली होती. मी वाकले आणि नखानं ती काढायला लागले. ओली पाकळी, तुटून तुटून निघत होती. छातीत तो ओरडत होता, मी ऐकत होते, आणि पाकळी काढत होते. शेवटचा तुकडा निघाला, गंधार टक्कन वर आला. मी भाता ओढला. पाळण्याचं कोणतं कडवं चाललं होतं कोण जाणे, मी त्यात शिरले. तो किती वाजता गेला, ते मी पाहिलं नाही.

सगळे बसल्यावर शैलजाताई म्हणाल्या, "मंडळी, बाळ तर झालं. आता त्याची आई कोण, तेही ऐकाल ना?" सभा पोट धरून हसली. मग त्यांनी मागे जाऊन सगळं आख्यान सांगितलं, तीर्थ शिंपडल्यावर ते तिघं कसे रांगायला लागले ते, आणि मी आरतीपर्यंत वाजवत राहिले.

प्रसाद वाटताना अंबादासजी सासूबाईंकडे आले. "काहून उठल्या वो राधाबाई तुम्ही? देव अजून दारात उभे होते ना."

"मले वाटलं झाला जन्म," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारं मानूस, बाप्पा. ऐकू येत नाही आता."

बायका हसल्या. कोणी म्हणालं, आजींना नातू पाहायची घाई. त्याही हसल्या, आणि हातावरचा सुंठवडा चाटत राहिल्या.

ऑटोत मुरलीधरराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी विचारलं, "आई, तुम्हाला खरंच वाटलं का हो?" त्यांनी पदरावरची झेंडूची पाकळी झटकली. मग म्हणाल्या, "तुह्याकडे आला ना थो? म्या तुहा हात पाह्यला. तू एकली उभी राहून राहिली होती. मंग म्या बसून कशी राहू?" आणि थोड्या वेळानं, "तिच्या दारात तर तीन-तीन आले होते, बिचारीच्या."

मंडळात ही गोष्ट टिकून राहिली. दर दत्तजयंतीला कोणीतरी म्हणायचं, यंदा जन्म पंचांगाप्रमाणे की राधाबाईंप्रमाणे? त्या असेपर्यंत त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि त्या मान हलवून हसत. एकदाही त्यांनी खरं सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही. मला अजून दौरे येतात. गोळी अजून चालू आहे, मधे पुन्हा बदलली. काही साहेब खराब असतात. पण पेटी मी सोडली नाही. परवाच्या एकादशीलासुद्धा भात्यावर माझाच हात होता.

तुम्ही येत्या उत्सवाला याल, तेव्हा कोणी ना कोणी ही गंमत तुम्हाला ऐकवेल, की आमच्याकडे एक म्हातारी होती, बहिरी, तिच्यापायी एकदा दत्त वेळेआधी जन्मले. तुम्हीही हसा, तिला चालेल. पण हसून झालं की क्षणभर राधाबाईंची आठवण काढा. वाती वळतानाही परातीचा आवाज थांबलेला ओळखणारी बाई होती ती. तिला शेवटपर्यंत सगळं ऐकू येत होतं.